सीट चार बोटं वर

आमच्या सायकलींची पेटी मी स्वतः समोर उभी राहून बनवून घेतली होती. साडेसहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, चार फूट दोन इंच उंच. जाड पत्रा, आतून लोखंडी चौकट, मागच्या बाजूला हवेसाठी बारा भोकं. इमारतीच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला लागून ती ठेवली होती. मापं सांगते आहे कारण मापं घेणं हेच माझं काम. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तयार माल तपासायच्या टेबलावर मी बावीस वर्षं बसते आहे. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत पाठवते. कामगार मला पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणतात. तोंडावर म्हणाले तरी माझी हरकत नाही.

घरात मी आणि माझी नणंद. नवऱ्याशी पटलं नाही, नणंदेशी पटलं. म्हणून नवरा गेला आणि नणंद राहिली. ती औषधांच्या दुकानात काम करते. सकाळी दोघी एकदमच निघतो, चौकापर्यंत बरोबर जातो, मग ती उजवीकडे आणि मी डावीकडे.

एका सोमवारी सकाळी खाली उतरलो तर पेटीचं कुलूप कापून जमिनीवर पडलेलं. नणंदेची सायकल गेली होती. माझी आदल्या दिवशी पंक्चर झालेली, तेवढ्यावर वाचली. नणंद रिकाम्या जागेत हात घालून उभी राहिली, जणू सायकल अजून तिथेच आहे आणि नुसती दिसत नाहीये. पहिल्या नोकरीत घेतलेली सायकल होती ती.

इमारतीचे सेक्रेटरी वरच्या गॅलरीतून म्हणाले, “मॅडम, मी आधीच बोललो होतो. पेटी म्हणजे चोराला आमंत्रण. काढून टाका ती.”

“घरांना दारं आहेत साहेब,” मी म्हटलं, “ती पण काढून टाकू या. चोरांचा गैरसमज नको व्हायला.”

त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. मी त्याच क्षणी ठरवलं, पेटी इथेच राहणार. आणि अशी राहणार की चोराने कपाळाला हात लावावा.

पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. पेटीच्या चारही कोपऱ्यांतून खालच्या काँक्रीटमध्ये बोटभर जाडीचे बोल्ट ठोकून घेतले. बिजागऱ्या बाहेर होत्या त्या आत घेतल्या, त्यांच्या खिळ्यांची टोकं वेल्डिंगने बंद केली. एका कुलपाऐवजी दोन आणली, आणि त्यांच्यावर लोखंडी टोप बसवले, म्हणजे कात्रीचं तोंडच आत शिरणार नाही. कुलूपवाला गृहस्थ वयस्कर होता, कमी बोलणारा. काम संपल्यावर त्याने पेटीला खांदा लावून ढकलून बघितलं. ती तसूभरही हलली नाही.

“ताई, आता हिच्यात बाहेरून कुणी यायचं नाही,” तो म्हणाला.

नणंदेने नवी सायकल घेतली. आम्ही दोन्ही आत ठेवल्या, मी दोन्ही कुलुपं लावली आणि त्या आठवड्यात कितीतरी दिवसांनी निवांत झोपले.

शुक्रवारी सकाळी सायकलवर टांग टाकली आणि पाय पॅडलपर्यंत नीट पोचेना. सीट वर गेली होती. फार नाही, दोन बोटं.

“तू वर केलीस का गं?” मी नणंदेला विचारलं.

“मी कशाला करू? मी तुझ्याहून बुटकी आहे, वहिनी.”

बोल्ट सैल झाला असेल, असं म्हणून मी पाना आणला. सीट खाली घेतली, बोल्ट आवळला. पण आवळताना लक्षात आलं: बोल्ट सैल झाला, तर सीट खाली बसते. वर चढत नाही.

शनिवारी ती तीन बोटं वर होती. कुलुपं जशीच्या तशी.

मग मी माझ्या टेबलावर करते तेच केलं. सीटची दांडी जिथे चौकटीत शिरते, तिथे नेलपॉलिशची एक बारीक लाल रेघ ओढली, अर्धी दांडीवर, अर्धी चौकटीवर. जमिनीपासून सीटपर्यंत माप घेतलं: एक्क्याण्णव सेंटिमीटर. वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी रेघ तुटलेली होती, तिचा वरचा तुकडा चार बोटं वर जाऊन बसला होता. बोल्ट मात्र घट्ट. मी आवळते त्याहून घट्ट. सोडवायला पान्यावर दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं.

“दादाचा तर उद्योग नसेल?” नणंद हळूच म्हणाली.

“तुझा दादा जेमतेम माझ्या कानापर्यंत येतो. त्याला ही सीट मिळाली तर शिडी लागेल.”

ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. संध्याकाळी तिने आपली सायकल पेटीत ठेवली नाही. तीन जिने चढवून घरात आणली.

मी कुलूपवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याने दोन्ही कुलुपं उघडून भिंगातून पाहिली.

“तुमच्या किल्लीशिवाय आत काही गेलेलं नाही,” तो म्हणाला. मग वाकून पेटीत डोकं घातलं. बराच वेळ तसाच राहिला. बाहेर आला तेव्हा कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. “ताई, सायकल विकून टाका.”

“का? काय दिसलं?”

“दिसलं काहीच नाही.” तो हत्यारं गोळा करायला लागला. “पण मी आत वाकलो तेव्हा कुणीतरी मला जागा करून दिली.”

माणूस म्हातारा होता, ऊन कडक होतं. मी तसंच समजून चालले. पण राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या पेटीत, माझ्या कुलपाआड, माझी सायकल कुणीतरी रोज आपल्या मापाची करून ठेवत होतं. आणि रोज थोडं आणखी उंच होत होतं. पाच बोटं. सहा. दांडीवर एक खूण कोरलेली असते, त्यापलीकडे ती बाहेर ओढायची नसते, नाहीतर मोडते. आठव्या दिवशी दांडी त्या खुणेच्या पार गेली होती आणि तरीही ताठ उभी होती. एवढ्या उंच सीटवर बसून ज्याचे पाय पॅडलला पोचतील, तो आमच्या दारातून सरळ आत येऊ शकला नसता.

मी रोज सकाळी सीट खाली घेत होते. एक्क्याण्णव. रोज.

“सोड ना वहिनी,” नणंद म्हणाली. “त्याला हवी तर घेऊ दे ती सायकल.”

“मागून घेतली असती तर विचार केला असता.”

रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मी पेटीत जाऊन बसले. हातात पाना, बुडाखाली स्टूल. नणंदेला सांगितलं, बाहेरून दोन्ही कुलुपं लाव आणि समोरच्या पायरीवर बस. एक तासाने उघड, मी ओरडले तरच आधी. तिची किल्ली दोनदा चुकली.

अंधार पूर्ण नव्हता. मागच्या बारा भोकांतून उन्हाच्या बारा काड्या आत आल्या होत्या आणि सायकलवर टेकल्या होत्या. पत्रा तापला होता. रबराचा आणि तेलाचा वास. बाहेर टाकीत पाणी पडत होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. अर्धा तास असाच गेला. मला चक्क डुलकी यायला लागली.

मग उन्हाच्या काड्या अकरा झाल्या.

मी पुन्हा मोजल्या. दहा. माझ्या आणि सायकलीच्या मध्ये काही नव्हतं. ऊन मात्र कशाला तरी अडत होतं.

बोल्ट कुरकुरला.

मी पाना त्याच्यावर घातला आणि दोन्ही हातांनी धरला. क्षणभर काही झालं नाही. मग पाना माझ्या हातात फिरला. सावकाश, एका लयीत, सवयीचं काम करावं तसा. माझी मनगटं त्याच्याबरोबर वळली.

मी ओरडले नाही. मला भीती वाटत नव्हती असं नाही; पण त्याहून जास्त संताप होता. मी पाना सोडला, स्टुलावरून उठले आणि अख्ख्या अंगाचा भार सीटवर टाकून तिच्यावर पालथी पडले. सीट माझ्यासकट वर सरकली. एक बोट. दोन.

“ए!” मी म्हटलं. “उंच असशील तर स्वतःची सायकल बघ!”

तीन बोटं. माझी पाठ छताच्या पत्र्याला लागली.

“ही माझी आहे. ही माझ्या मापाची आहे, आणि माझ्या मापाचीच राहील. ऐकू आलं?”

सीट थांबली.

ऐकू आलं होतं.

मग ती खाली उतरू लागली, अगदी अलगद, माझे पाय जमिनीला टेकेपर्यंत. बोल्ट आपोआप आवळला गेला. मी तशीच पडून राहिले, धापा टाकत.

आणि माझ्या घोट्याला काहीतरी लागलं.

थंड होतं. एक अंगठा घोट्यावर, करंगळी पोटरीवर. एक वीत. मग दुसरी, गुडघ्यापर्यंत. मग तिसरी. घाई नव्हती. बावीस वर्षं मी जे करते आहे, ते मी अंगावर ओळखलं.

कमरेपर्यंत आल्यावर ते थांबलं.

उन्हाच्या काड्या पुन्हा बारा झाल्या.

नणंदेने दार उघडलं तेव्हा मी माप घेत होते. एक्क्याण्णव सेंटिमीटर. “गेला,” मी तिला सांगितलं. “त्याला सांगितलं नीट, गेला.” ती माझ्या गळ्यात पडून रडली. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते; मी त्यांना हात केला.

त्या दिवसापासून लाल रेघ तुटलेली नाही. आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी मी मापते, रोज एक्क्याण्णव. पेटी जागच्या जागी आहे, कुलुपं शाबूत आहेत, नणंदेची सायकलही पुन्हा आत आली आहे.

गेल्या बुधवारी चौकात सिग्नलला थांबलो. मी नेहमी एका पायाचा चवडा टेकून, सायकल जराशी कलती करून उभी राहते. त्या दिवशी सीटवरून न उतरता माझे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले होते. शेजारी नणंद माझ्याकडे बघत होती. सिग्नल हिरवा झाला तरी ती हलली नाही.

“वहिनी,” ती रात्री म्हणाली, “सीट थोडी वर घे ना. मी घेऊ का?”

“हात लावायचा नाही,” मी सांगितलं. “जे माप आहे ते आहे.”

मी सीट वर घेतलेली नाही. घेणारही नाही. आज सकाळी वळण घेताना गुडघे हँडलला लागले, तेव्हा ते बाहेरच्या बाजूला वळवले आणि तशीच कामावर गेले.