चाळीस सेकंदांच्या पुढे

ब्रश थांबवू नकोस, किमया. गणपतीचे डोळे आखताना मधेच हात उचलला की नजर फिरते, हे हमरापूरच्या पोरीला मी काय सांगायचं. तू आखत राहा, मी बोलत राहतो. प्रविण, ते दार लोटून घे.

ही ऐकीव थाप नाही. नमिता माझ्या साडूची मुलगी, पेणला राहते. तिच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो. गेल्या डिसेंबरातली दत्तजयंती. गुरुवारची रात्र, चांदणं टिपूर पडलेलं.

नमिताचं काम घरबसल्या चालतं. कंपन्यांना कामगारांसाठी कॉम्प्युटरवर बघायचे धडे लागतात. चित्रं, आवाज, व्हिडिओ, शेवटी चार प्रश्न. असे धडे ती एका सॉफ्टवेअरमध्ये बांधते. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण तिच्या हाताला कामं भरपूर असतात. त्या दिवशी दुपारी ती एसटीनं रोह्याला गेली होती, तिकडच्या एका केमिकल कंपनीतून जुन्या धड्याची फाइल आणायला. कंपनीचं नाव घेत नाही, आपली पोरं तिथं पोट भरतात. टाकीत उतरून सफाई कशी करायची, असा तो धडा, नमितानंच दोन वर्षांपूर्वी बनवलेला.

तिथं ट्रेनिंग बघणारे प्रदीप साहेब म्हणाले, "फाइल लय जड झालीय मॅडम. नवीन पोर्टल घेतच नाय. बारीक करून सकाळपर्यंत चढवून द्या. पोरं पहिल्या शिफ्टला टाकीत उतरणार हायत."

"आणि नाही चढली तर?"

"तर काय, बघितला असं लिहायचं आणि उतरवायचं. टाकी काय धड्यासाठी थांबते?"

नमितानं फाइल घेतली आणि परतीची एसटी धरली. त्या पोरांत तिचा धाकटा भाऊ जितेश होता. नुकताच कामाला लागलेला, टाकी त्यानं आतून पाहिलीही नव्हती. धडा चढला तर निदान एकदा बघून तरी तो खाली उतरेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आता त्या धड्यात काय होतं ते ऐका. एक माणूस टाकीत उतरला की दुसरा दोर धरून तोंडाशी उभा राहतो. त्याला वरचा माणूस म्हणतात. तो थोड्या थोड्या वेळानं हाक मारतो, "हाय का रं?" खालच्यानं म्हणायचं, "हाय." उत्तर आलं नाही तर विचार करत बसायचं नाही, दोर ओढायचा. वरच्यानं जागा सोडायची नाही, आभाळ कोसळलं तरी. हे करून दाखवायला कंपनीनं भिकूला उभं केलं होतं. नागोठण्याकडच्या वाडीतला जुना, सरावाचा गडी. नमितानं मोबाइलवर त्याला टिपलं. भिकू मास्क चढवतो, कमरेला दोर बांधतो, शिडीवर पहिला पाय टाकतो. चाळीस सेकंद. तिथं तिनं कॅमेरा बंद केला.

पुढच्या पावसाळ्यात भिकू त्याच टाकीत गुदमरून गेला. वरचा माणूस चहा प्यायला गेला होता. हाक मारायला कुणी नव्हतं, म्हणून ओढायलाही कुणी नव्हतं.

तर त्या रात्री जेवणं झाली. जितेशला पहाटेची कंपनीची बस धरायची होती, म्हणून तो लवकर आडवा झाला. आतल्या खोलीत जाताना म्हणाला, "ताई, तू पण झोप गो. एवढा काय जीव काढतेस?"

"धडा बघितल्याशिवाय उतरू नकोस."

"व्हय गो, बघीन."

नमिता पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. जड फाइलवरचे सगळे उपाय तिला पाठ. मोठे फोटो लहान केले. न वापरलेले आवाज काढून टाकले. फाइल नव्या नावानं सेव्ह केली, कारण जुन्याच नावानं केली तर काढलेला कचरा कधी कधी आतच राहतो. मग आकार पाहिला.

फाइल आणखी जड झाली होती.

तिनं अजून काही काढलं, पुन्हा सेव्ह केलं. पुन्हा वाढली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार. शेवटी तिनं कोरी फाइल उघडली आणि जुनी पानं एकेक करून तिच्यात आणली, म्हणजे कोणतं पान जड ते कळेल. सगळी हलकी निघाली. भिकूचं पान आणलं मात्र, फाइल टम्म फुगली.

आता यातली एक गोम आहे. पानावर व्हिडिओ कापला तर कापलेला भाग दिसत नाही, पण तो जातही नाही. फाइलच्या पोटात पडून असतो. मुळातून छाटायचा तर व्हिडिओ वेगळ्या खिडकीत उघडायचा आणि खालच्या, वेळ दाखवणाऱ्या पट्टीचं टोक धरून मागे ओढायचं. पण नमितानं हा व्हिडिओ कापलाच नव्हता. कापण्यासारखं पुढे काही नव्हतंच. तरी तिनं तो उघडला.

पट्टी चाळीस सेकंदांवर संपत नव्हती. लांबच लांब गेली होती.

तिला वाटलं, बिघाड असेल. तिनं व्हिडिओ चालू केला.

भिकू शिडी उतरत होता. एक पाय. दुसरा पाय. डोकं टाकीच्या तोंडाखाली गेलं. आणि चित्रही त्याच्या मागोमाग आत गेलं...

कॅमेरा तर तिच्या हातात होता. ती टाकीत कधी उतरली नव्हती.

अंधार. मास्कमधून घेतलेले श्वास. मग चित्र वर वळलं. वर टाकीचं तोंड, गोल उजेड. त्या उजेडात वरच्या माणसाचं डोकं दिसायला हवं होतं.

नव्हतं.

नमिता हाकेची वाट बघत राहिली. हाक आली नाही. श्वास जड होत चालला. आणि खालची पट्टी... तिच्या डोळ्यांदेखत वाढत होती.

तिच्यानं राहवलं नाही. ती हलक्या आवाजात म्हणाली, "हाय का, भिकूदादा?"

...

"दादा, हाय का?"

...

श्वासही थांबला.

उत्तर आलं नाही तर ओढायचं. तिनं पट्टीचं टोक धरलं. ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. बोट घसरलं. तिनं दात आवळले आणि दोन्ही हात लावले. कशाला, ते तिला आजही सांगता येत नाही. लॅपटॉपवर दोन हातांनी ओढण्यासारखं असतं काय? पण ती ओढत होती. जिवाच्या आकांतानं ओढत होती.

टोक सरकलं. जरासं. अजून जरासं. अंधारात शिडी दिसली. एक पायरी. वरची पायरी. दोरावर लोंबकळणारा माणूस. मान कलंडलेली. उजेड आला. टाकीच्या तोंडाची कड आली. चाळीसाव्या सेकंदाला टोक थांबलं.

मास्क हळूहळू तिच्याकडे वळला.

भिकू तिला नेहमी 'बाय' म्हणायचा.

मास्कच्या आतून आवाज आला.

"ताई..."

ती आतल्या खोलीत धावली. अंथरूण रिकामं होतं. बाहेर लख्ख उजाडलं होतं. ती रात्रच समजत होती. बस कधीच गेलेली. फोन लावला तर बंद. कामगारांचे मोबाइल कंपनीच्या गेटवर काढून घेतात. प्रदीप साहेबही फोन उचलेनात.

फाइल आता हलकी झाली होती. तिनं ती चढवली. पोर्टलनं निमूट घेतली. मग देवासमोर जाऊन बसली. ती म्हणते, काका, मला हात जोडताच येईनात.

बऱ्याच वेळानं प्रदीप साहेबांचा फोन आला. "जितेश बरा हाय. दवाखान्यात हाय, पण बरा हाय."

"धडा बघितला होता त्यानं?"

मग साहेबांनी खरं सांगितलं. धडा पोचला होता, पण कुणी लावलाच नव्हता. पोरं तशीच उतरवली. वर आदेश नावाचा गडी होता, त्याला कुणीतरी हाक मारली म्हणून तो गेला. परत येऊन बघतो तर जितेश टाकीबाहेर, तोंडाशी पडलेला. बेशुद्ध, पण श्वास चालू.

"कुणी काढलं त्याला?"

"तेच तर कळंना मॅडम. तिथं कुणीच नव्हतं."

नमिताच्या हातून फोन निसटला. तो उचलायला तिची आई वाकली आणि थांबली.

"हाताला काय गो झालं तुझ्या?"

दोन्ही तळवे सोलून निघाले होते. आडवे वळ, लालभडक. दोर सरकला की पडतात तसे. एका वळात काहीतरी रुतलं होतं. आईनं सुईनं कोरून काढलं. नायलॉनचा धागा, निळा.

साडूच्या घरात तसला दोर नाही. रोह्याला कंपनीत आहे.