उलट्या सीटची सायकल

पिवळ्या सायकली शहरात आल्या तेव्हा मिस्त्रीने त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. साहजिकच होतं. तासावर सायकली भाड्याने द्यायचं त्याचं दुकान होतं, आणि एका सकाळी बघतो तर काय, झाडाखाली सायकल, बसथांब्याला टेकून सायकल, शाळेच्या भिंतीशी सायकल. फोनवर कुलूप उघडा, हवं तिथे जा, हवी तिथे टाकून द्या. ना स्टँड, ना मालक. "अहो, पण सायकल नेतंय कोण, हे बघायला नको?" असं तो भेटेल त्याला विचारायचा. त्याच्या दुकानातून माणसाचं तोंड बघितल्याशिवाय सायकल बाहेर पडत नसे. पण लवकरच दुकानात माशा मारत बसायची पाळी आली, आणि मिस्त्रीने मुकाट्याने त्याच कंपनीत नोकरी धरली.

काम सोपं होतं. टेम्पोतून फिरायचं आणि मोडक्या सायकली उचलून आणायच्या. मोडकी कुठली, हे ओळखायची खूण लोकांनीच काढली होती. सायकल बिघडली की उतरणारा सीटखालचा खटका ढिला करून सीट उलटी फिरवायचा. निमुळतं टोक मागे दिसलं की पुढच्याने समजायचं, ही घ्यायची नाही. खूण कुणी शिकवली नव्हती, पण सगळं शहर ती पाळत होतं. अर्थात टवाळ पोरं चांगल्या सायकलींच्याही सीटा फिरवून ठेवायची. तशी सायकल सापडली तर तपासायची, सीट सरळ करायची आणि जागेवर सोडून द्यायची, असा उचलणाऱ्यांचा रिवाज होता. चांगली सायकल उगाच वर्कशॉपात कोण वाहून नेणार!

कालव्याच्या रस्त्यावरची ती सायकल मिस्त्रीला धुक्याच्या दिवसांत सापडली. रस्त्याच्या एका बाजूला बंद कारखान्याची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला काळं, खोल पाणी. मध्येच एका ठिकाणी कठडा तुटलेला. नेमकी तिथेच सायकल उभी होती, सीट उलटी करून. मिस्त्रीने ब्रेक दाबले, चेन फिरवली, चाकं उचलून गरागरा फिरवली. डावं पॅडल तेवढं काळं होतं. मागे कधीतरी ते त्यानेच बदललं होतं. बाकी सायकल ठणठणीत. त्याने सीट सरळ केली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच सायकल, तिथेच, सीट पुन्हा उलटी.

"उचलूया का?" टेम्पोवाल्याने विचारलं. तो तरणा गडी होता, एरवी गाडी चालवताना शीळ घालणारा. त्या रस्त्यावर मात्र त्याची शीळ आपोआप थांबायची.

"कशाला? काही झालेलं नाही तिला," मिस्त्री म्हणाला आणि त्याने सीट सरळ केली. सीट ओली होती. दव असेल, असं त्याला वाटलं. पण हाताला कालव्याचा वास लागला, शेवाळाचा आणि गाळाचा, आणि तो साबणाने धुऊनही रात्री जेवताना येत राहिला.

तिसऱ्या दिवशी सीट पुन्हा उलटी बघून मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण टवाळ आहे हा? त्याने सीट सरळ केली, खटका काढून तिथे जाड बोल्ट घातला आणि पाना लावून असा आवळला की हातांच्या शिरा तट्ट फुगल्या.

"आता फिरव म्हणावं!"

"राहू द्या ना, मिस्त्री," टेम्पोवाला खालच्या आवाजात म्हणाला. "कुणीतरी सांगतंय, नका घेऊ म्हणून... तर ऐकावं की."

"तू गाडी चालव, बाबा."

टेम्पो रस्ता संपवून चौकात पोचला, तेवढ्यात मिस्त्रीच्या मुलीचा फोन आला. ती कालव्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकान बंद झालं होतं आणि धुक्यामुळे बसचा पत्ता नव्हता.

"मग बसची वाट कशाला बघतेस? पूल ओलांडून खाली ये. कारखान्याच्या भिंतीसमोर एक सायकल आहे, डावं पॅडल काळं असलेली. मी स्वतः तपासलीय आत्ता. ती घे आणि ये घरी."

"बरं, बाबा," ती म्हणाली.

टेम्पोवाला फोनवर बोटं फिरवत होता. कुठली सायकल कुठून कुठे गेली, ते त्यावर दिसायचं. त्याने फोन मिस्त्रीपुढे धरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मिस्त्री, ही सायकल... आठवडाभर कुणी घेतलेलीच नाही. कुलूपच उघडलेलं नाही."

"मग काय झालं?"

"मग तिच्यावरून उतरतं कोण? सीट फिरवतं कोण? त्या रस्त्याला तर टवाळ पोरंही फिरकत नाहीत."

मिस्त्रीने झटकन स्वतःचा फोन काढला. त्याने मुलीला फोन लावला. घंटी वाजत राहिली, तिने उचलला नाही. सायकल चालवताना ती कधीच उचलत नसे. ही शिस्त त्यानेच तिला लावली होती. पुन्हा लावला. पुन्हा तेच. चौकात वाहनं अडकली होती, टेम्पो वळवायला जागा नव्हती. मिस्त्रीने दार उघडलं आणि तो पळत सुटला.

धुकं एवढं दाट की दिव्याच्या खांबाखाली फक्त दिव्यापुरता उजेड. एका हाताला भिंत धरून तो धावत होता. "पोरी!" त्याने हाक मारली. मग पुढे कुठेतरी सायकलची घंटी वाजली. पुन्हा वाजली. मग सारखी वाजतच राहिली, कुणीतरी जीव तोडून दाबावी तशी... आणि धप्पकन काहीतरी पाण्यात पडलं.

मिस्त्री आणखी जोरात धावला. देवा, मीच पाठवली तिला. मीच. कठडा तुटलेल्या जागी तो पोचला, तर मुलगी रस्त्यावर पालथी पडलेली. पाय ओल्या काठावरून खाली लोंबकळत होते, पण अंग रस्त्यावर होतं. त्याने तिला काखेत धरून ओढलं आणि छातीशी धरलं. तिचं काळीज धडधडताना ऐकलं तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. पाण्यावर बुडबुडे येत होते. सायकल गेली होती.

"ब्रेक लागेना, बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "हँडल वळेना. नुसती पाण्याकडेच चालली होती... पण तुम्ही केवढ्या जोरात खेचलंत! कॉलर फाटली माझी."

कॉलर खरोखरच फाटली होती, मागून, थेट पाठीपर्यंत. मिस्त्री तर आत्ता पोचला होता. त्याने मागे वळून पाहिलं. धुक्यात कुणी नव्हतं. त्याने भिंतीकडे तोंड करून हात जोडले. कुणीही असो, तीन दिवस बिचारा सांगत होता, आणि आपण पाना घेऊन त्याचं तोंड बंद केलं.

घरी आल्यावर मिस्त्रीच्या बायकोने मुलीला कोरडे कपडे दिले, टेबलाशी बसवलं आणि गरम पाण्याचं घमेलं पुढे ठेवलं. "हात घाल आत. बर्फ झालेत नुसते. आणि हे वळ कसले गं?"

मिस्त्रीने दिवा जवळ ओढला. मुलीच्या दोन्ही हातांवर, हँडल धरल्यावर वर राहतो त्या भागावर, बोटांचे निळे वळ होते. त्याचा बांध फुटायला आला. तिला वाचवणाऱ्याने हातही धरले असणार... मग त्याने वळ नीट बघितले.

दुकानातल्या सायकलींवर त्याने उभा जन्म लोकांना सायकल शिकवली होती. मागून हात धरला की आपली बोटं कशी पडतात, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. हे वळ तसे नव्हते. धरणाऱ्याच्या बोटांची टोकं तिच्या मनगटाकडे होती. मागून जो कुणी होता त्याने कॉलर ओढली. हे हात समोरून धरलेले होते. हँडलच्या पुढून, पाण्याच्या बाजूने.

"बाबा, झोप येतेय," मुलगी म्हणाली आणि बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले.

बायको चुलीकडे वळली. घमेल्यातलं पाणी अजून वाफाळत होतं. मुलीचे हात गुलाबी झाले होते, तेवढे वळ मात्र थंडगार. बघता बघता ते हात पाण्यातून वर आले. कोपरं ताठ झाली. मुठी हवेतच आवळल्या गेल्या.

मिस्त्री झटकन तिच्या मागे गेला आणि त्याने तिचे खांदे घट्ट धरले.

"काय झालं हो?" बायकोने पाठमोरीच विचारलं.

"काही नाही," तो कसाबसा म्हणाला. त्याने दोन्ही पाय फरशीवर रोवले होते, सगळं अंग मागे टाकलं होतं. तरीही खुर्चीचे पाय करकरले आणि खुर्ची बोटभर पुढे सरकली.