दिवसाढवळ्या दिवा

किल्ले भैरवकड्याच्या पूर्व बुरुजावर उन्हे आली, तेव्हा गनिमाच्या वेढ्याला एकेचाळीस दिवस झाले होते आणि माचीवरच्या पेठेत धोंडशेट रेवणकरांच्या पेढीपुढे माणसांचा लोंढा उसळला होता. कारण चांगले उजाडल्यावरही पेढीच्या ओट्यावर दिवा जळत होता. आणि सराफाच्या दारी दिवसा दिवा म्हणजे दिवाळे, हे पेठेत सारेच जाणत होते.

"शेट, चिठ्ठी घ्या, रुपये टाका!" हशम, गडाचे शिपाई, ओरडत होते. "महिन्याचा पगार आहे तो!"

आतल्या दाराआड, तान्ह्या लेकीला छातीशी धरून, शेटजींची सून म्हाळसा थिजून उभी होती. तिजोरीत रुपये नऊ हजार आणि शेटजींच्या सहीच्या चिठ्ठ्या चाळीस हजारांच्या. एरवी त्याच चिठ्ठ्यांवर दाणे मिळत, दारूगोळा मिळे, शिबंदी तटावर उभी राही, कारण सारेच काही एका दिवशी रुपये मागत नसत. आज आले होते. आणि तट ओस पडला होता.

किल्लेदार हैबतराव काटकर स्वतः खाली उतरले. "शेटजी, तुमच्या वखारीतला कापूस तारण घेऊन सरकारी खजिन्यातून तीस हजार आत्ता देववतो. पण पेढी खरोखर बुडाली असेल, तर ते रुपये दरीत फेकल्यासारखे. दिवा कोणी ठेवला?"

"देवाशपथ, रावसाहेब, मला ठाऊक नाही."

"मग काय आपल्या पायांनी चालत आला?" गर्दीतून कोणी खिदळले.

म्हाळसाने पदर सावरला आणि उंबरा ओलांडला.

"मी ठेवला, रावसाहेब. पहाटे तोफा वाजल्या. मामंजी पूजेत होते. तट पडलाच तर लेकीला घेऊन चोरवाटेने उतरावे, म्हणून तिजोरीतून माझे दागिने काढले. वाट मोकळी आहे का, हे बघायला ओट्यावर आले, तोच ही रडली नि मी दिवा तिथेच टाकून आत पळाले. पेढी शाबूत आहे. भ्याले ती मी."

तिने कमरेची पुरचुंडी सोडून सर्वांदेखत ओतली. पाटल्या, तोडे, बाळाचे वाळे.

"आमची लेकरं काय दगडाची, वहिनी?" एका हशमाच्या बायकोने विचारले.

"खजिना उघडा," हैबतराव म्हणाले. "रुपयांचे हंडे पेठेतून उघडेच आणा. लोकांना दिसू द्या!"

पहिल्या शंभरांनी रुपये मोजून घेतले; पुढच्यांनी हंडे पाहूनच चिठ्ठ्या कनवटीला खोचल्या. तिसऱ्या प्रहरी हशम तटावर परतले. अठरा दिवसांनी वेढा उठला आणि खजिन्याचे रुपये व्याजासह खजिन्यात गेले.

धोंडशेट सुनेला एका शब्दाने बोलले नाहीत. मात्र आजवर तिला 'पोरी' म्हणणारे शेटजी रोज सांजेला, तिजोरीला कुलूप घालण्याआधी, आतल्या दाराशी थांबत आणि पाहुण्याला विचारावे तशा अदबीने विचारत, "सूनबाई, आपले काही काढायचे आहे का?"