ब्याऐंशी की एक्क्याण्णव

प्रेम असो की इंजिन, योग्य तापमान साधलं की दोन्ही जन्मभर साथ देतात, असं लाइलचं ठाम मत होतं. त्याची स्वतःची जुनी गाडी तेव्हा विटांवर उभी होती; प्रेमाच्या बाबतीत तर विटाही नव्हत्या.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमधली जुलैची, म्हणजे ऐन हिवाळ्यातली, कडाक्याच्या थंडीची सकाळ. हा शाळेत संगीत शिकवणारा गडी बेकरीतून मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली गरम पेस्ट्री, घेऊन बाहेर पडतो तर समोर फिकट निळी, जुनी होल्डन गाडी. इंजिन चालू, आणि आत हातमोजे, मफलर घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेली एक तरुणी. त्यानं काच वाजवून विचारलं, हीटर बिघडलाय का?

"हीटर धडधाकट आहे," ती म्हणाली. "इंजिनच तापत नाही. तापमानाचा काटा इतका जागचा हलत नाही की... मला वाटायचं रंगवलेलाच आहे."

तिचं नाव रोवेना. दुपारी लाइलच्या शेडमध्ये इंजिनाचं झाकण उघडलं, तर इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवून धरणाऱ्या झडपेच्या, थर्मोस्टॅटच्या जागी नुसती पोकळी. रोवेना खो खो हसली. गाडी वडिलांची, मिल्ड्युराच्या संत्र्यांच्या मळ्यातली. तिकडच्या उन्हात गाडी घेतली की माणसं तांदळातला खडा काढावा तसा आधी थर्मोस्टॅट काढून फेकतात.

ती इथल्या हॉस्पिटलात नर्स होती, तात्पुरती. कायम राहायचं की मळ्यावर परतायचं, हे शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. हे ऐकल्यापासून लाइलला मीट पाय गोड लागेना.

शुक्रवारी त्यानं तीन थर्मोस्टॅट आणले. उष्ण गावाला एकाहत्तर अंशांचा, थंड गावाला एक्क्याण्णवचा, आणि ज्यांचं मन ठरत नाही त्यांना ब्याऐंशीचा, असं त्यानं समजावलं. नवा भागही तपासल्याशिवाय बसवायचा नाही, म्हणून तिन्ही दोऱ्यानं पाण्याच्या पातेल्यात सोडले, तापमापक लावला आणि दोघं शेगडीवर वाकून उभी राहिली. डोक्याला डोकं लागत होतं. कुणीच मागे सरत नव्हतं.

एकाहत्तरचा उघडला. लाइलचा चेहरा पडला.

"किती सावकाश उघडतो..." रोवेना कुतूहलानं पाहत राहिली.

"लवकर उघडला तर ऊब धरत नाही. म्हणजे — इंजिन."

"मी इंजिनाचंच ऐकतेय."

कुठला हवा, हे विचारायचा धीर होईना. म्हणून त्यानं ब्याऐंशीची शिफारस केली. कुठेही चालतो म्हणाला.

"मन न ठरलेल्यांचा ना तो?" तिनं चमच्यानं एक्क्याण्णवचा वर काढला. "हा बसव."

"उन्हाळ्यात मिल्ड्युराला काटा वर चढेल."

"मिल्ड्युराला कोण चाललंय? हॉस्पिटलला सकाळीच हो कळवलं. फक्त... एका माणसाला विचारायचं राहिलंय. मी इथं राहिले तर त्याला चालेल का?"

खिडकीच्या काचेवर वाफ दाटली होती. लाइलनं हातातला दोरा सोडून दिला.

"चालेल काय... मी रोज त्या बेकरीत जातोय, रोवेना. मला मीट पाय आवडतसुद्धा नाहीत आता."

तिनं त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. पाणी खदखदत राहिलं; शेगडी बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. बऱ्याच वेळानं ती त्याच्या कानाशी अगदी हळू कुजबुजली,

"लाइल... जरा सरकतोस? माझ्या पावलावर उभा आहेस."