मावशींसाठी गरम पाणी

दिवा राहू दे तसाच. बारीक कर हवं तर. आणि मधे मधे "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही. सांगायलाच बसलोय ना? ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका सुताराच्या बाबतीत घडली. शवपेट्या करतो तो. थापा मारणारा गडी नाही, उलट चार शब्द बोलायचे तर दोनच बोलेल. मला सांगतानासुद्धा नजर खालीच होती त्याची.

मागच्या थंडीतली शनिवारची रात्र. आकाशात चंद्राचा पत्ता नव्हता. दहाच्या सुमारास सुतार टेम्पोतून पेटी घेऊन एका घरी पोचला. काम नेहमीचं. पेटी उतरवायची, गेलेल्या बाईंना आत ठेवायला हात लावायचा आणि सकाळी चर्चला न्यायच्या आधी झाकणाचे स्क्रू आवळायचे. टेम्पोवाला "पहाटे येतो" म्हणून सटकला, म्हणजे रात्र तिथेच काढणं आलं.

पेटी मावशींची होती. पाळकसाहेबांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. चर्चच्या मंडळीत कुणी गेलं की पहिलं बोलावणं मावशींना. त्या पदर खोचून यायच्या, गुडघे टेकून प्रार्थना करायच्या, दार लावून घ्यायच्या आणि गेलेल्या माणसाला आंघोळ घालायच्या. कितीही वाईट अवस्थेतलं माणूस असो, तोंड वाकडं केलं नाही कधी. आणि आंघोळ घालताना त्याच्याशी बोलायच्या. "हात वर कर बाळा. अस्सं. शहाणं माझं ते. आता दुसरा." ऐंशी वर्षांचा म्हातारा असला तरी त्यांच्या लेखी बाळच.

सुताराच्या आईलाही त्यांनीच आंघोळ घातली होती. हा दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. मावशी हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झालं हो तुझ्या आईचं छान. माझी पाळी आली की तू एवढंच बघ, पाणी गरम असू दे. मला गार सोसत नाही." हा म्हणाला, "बघतो मावशी." अशा वेळी माणूस काय, काहीही कबूल करतो.

तर त्या रात्री दार उघडलं आणि आधी वास आला. नातू, चांगला दाढीमिशा फुटलेला घोडा, सुगंधी फवाऱ्याचा डबा घेऊन खोलीभर फुसफुस करत हिंडत होता. फुलांचा वास, बाहेरून मागवलेल्या जेवणाचा वास, आणि त्या दोन्हींच्या खाली तिसरा. मावशींचा मोठा मुलगा खुर्चीत बसून उद्या चर्चमध्ये वाचायचं भाषण घोकत होता.

"'प्रेमळ माता, नातवंडांची लाडकी आजी, प्रभूची निष्ठावंत सेविका...' अगं, 'प्रेमळ' पुढे पुन्हा येतंय. एक काढू का?"

"राहू दे," बायको आतून म्हणाली. "ऐकायला बरं वाटतं."

सुताराला तिथेच शिसारी आली. पण आपण पडलो कामाची माणसं. त्यानं नुसतं विचारलं, "आंघोळ झालीय ना?"

"झाली, झाली," सून नाकाचा रुमाल न काढता म्हणाली. "मंडळीतल्या बायका आल्या होत्या घालायला. आम्हीच म्हटलं, घरचं माणूस आहे, घरच्यांनी करावं."

मावशी पलंगावर होत्या. अंगावर पांढरी रेशमी साडी, चापूनचोपून. मुलानं पाय धरले, सुतारानं डावा हात पाठीखाली घातला. हात ओला झाला. चिकट. साडी नेसवलेली नव्हतीच, चादरीसारखी वरून पांघरून कडा आत खोचल्या होत्या. खाली तोच जुना गाऊन, किती दिवसांचा देव जाणे, आणि गाऊनच्या आत पाठ... जाऊ दे. अंथरुणात पडून पडून पाठीचं जे होतं ते झालेलं होतं, आणि कुणी बघितलेलं नव्हतं. बायकांना दारातून परत का पाठवलं, ते आता त्याला कळलं.

खरं सांगू? सुताराला पहिली किळस आली ती मावशींचीच. कधी एकदा हात सोडवतो असं झालं. त्याची त्याला लाज वाटली, पण ती नंतर.

पेटीत ठेवल्यावर तो म्हणाला, "साहेब, हे असं कसं न्यायचं?"

"झाकण बंदच राहणार आहे. कोण बघतंय?"

"मावशी म्हणाल्या होत्या, गरम पाणी..."

"आता त्यांना काय गरम आणि काय गार!" सून म्हणाली.

आणि आमच्या सुतारानं काय केलं? मोरीत जाऊन साबणानं खसाखसा हात धुतला, पुन्हा धुतला. वास जाईना. पलीकडे जेवणं चालली होती. चमचे वाजत होते. कुणीतरी लोणचं मागितलं.

घरातले दिवे मालवले. पेटीच्या खोलीबाहेर एक बाक होता, त्यावर सुतार आडवा झाला. डावा हात अंगापासून लांब ठेवून.

अडीचच्या पुढेमागे त्याला जाग आली.

पाणी.

बादलीत पडणारं. मग तांब्याचा आवाज. साबणाचा वास, आणि थंडीत वाफेचा ऊबदार ओलावा. सुताराला बरं वाटलं. आली म्हणायची सुनेला बुद्धी. तेवढ्यात आवाज आला.

"हात वर कर बाळा. अस्सं."

बाईचा आवाज. म्हातारा.

तो उठला. पेटीच्या खोलीत डोकावला. खिडकीतून रस्त्यावरचा उजेड येत होता... मावशी पेटीतच होत्या. तशाच. साडी तशीच खोचलेली. खोली कोरडी.

आवाज पॅसेजच्या टोकाकडून येत होता. मुलाच्या बेडरूममधून.

"शहाणं माझं ते. मान वळव..."

मग मुलाचा आवाज. भाषण वाचणारा नव्हे. लहान पोराचा असतो तसा.

"आई... अगं आई, मी मेलेलो नाही."

"हो, हो. आता दुसरा."

"आई, मी जिवंत आहे..."

पाणी पडलं.

मग काहीच नाही. बराच वेळ.

सुतार बाकावर परत कसा आला, त्याला आठवत नाही. डोक्यावरून पांघरूण. आणि बेडरूमचं दार... करकरलं. ओली पावलं. बादलीची कडी. पावलं सुनेच्या खोलीकडे... मग नातवाच्या खोलीकडे... मग पॅसेजमधून. इकडे.

बाकापाशी थांबली.

पांघरुणाच्या आत वाफ आली.

पुढचं त्याला ठाऊक नाही.

उजाडलं तेव्हा स्वयंपाकघरात पातेली खडखडत होती. मुलगा पाणी तापवत होता. केस ओले, मधोमध भांग पाडून चप्प बसवलेले. जबड्याखालून पांढऱ्या कापडाची पट्टी, गाठ डाव्या कानामागे. गेलेल्या माणसाचं तोंड मिटावं म्हणून मावशी अशीच बांधायच्या, गाठ दिसू नये म्हणून कानामागे. ती सोडायचं त्याला सुचलेलंही नव्हतं. मागे सून, तिचेही केस ओले, हातात टॉवेल. भिंतीला टेकून नातू बसला होता, मांडीवर साबण धरून. बादल्या आत गेल्या, दार लागलं. सून मधेच बाहेर येऊन मोरीत भडाभडा ओकली, तोंड धुतलं आणि परत आत गेली.

बऱ्याच वेळानं आतून मुलाचा आवाज आला, "हात वर कर, आई."

चर्चमध्ये झाकण उघडं होतं. मुलगा भाषणाला उभा राहिला, कागद काढला आणि तसाच खिशात घातला. "माझ्या आईनं सगळ्यांना आंघोळ घातली," म्हणाला. "मी तिला आज सकाळी घातली. आजच." आणि बसला.

सुतार दुपारी घरी आला. बायकोनं चहाचा कप पुढे केला, यानं डाव्या हातानं घेतला, आणि ती हाताकडे बघतच राहिली.

"हे काय? एकच हात धुतलात?"

पॉलिश करून करून त्याचे हात कायमचे काळपट झालेले. नखांत तर काळं असं बसलेलं की कशानं निघत नसे. डावा हात मनगटापर्यंत स्वच्छ होता. नखं कापलेली, कडा घासून गोल केलेल्या. तान्ह्या बाळाचा असावा तसा.

तेव्हापासून त्या हाताला पॉलिश धरतच नाही. मी स्वतः पाहिलंय. उजवा मात्र होता तसाच काळा आहे. आणि आता रात्री झोपताना तो उजवा हात उशीखाली घट्ट दाबून झोपतो.