सीतारामचं बटण

राजरत्नला विचारायची सवयच नव्हती. आईचा कॉम्प्युटर परस्पर उघडून बसला, जुनं एक्सेल काढलं, नवं टाकलं, आणि वर तोंड करून म्हणे, आता फास्ट चालेल. बकुळाबाईंना फास्ट कुठे जायचं होतं? त्यांना उद्याचे डबे भरायचे होते. आणि थोरल्या भावाशी, सीतारामशी, तो मरेपर्यंत अबोला धरलेला हा, त्याच्याच वस्तूला हात लावायला बरा पुढे.

डब्यांचा धंदा नायगावच्या त्या खोलीतूनच चाले. गिऱ्हाइकं बहुतेक पोलीस क्वार्टरमधली. सीतारामने वारण्याआधी सगळ्यांची नावं एक्सेलमध्ये चढवून वर एक हिरवं बटण करून दिलं होतं. ते दाबलं की प्रिंटरमधून डब्याडब्याची चिठ्ठी निघे. नाव, पत्ता, खाली सूचना. बाई दुसरीतून शाळा सुटलेल्या, अक्षराला अक्षर लावून वाचायच्या. पण ते बटण दुसऱ्या कुणाला दाबू देत नसत. लेकाचं तेवढंच मागे उरलं होतं.

नव्या एक्सेलमध्ये बटण ढिम्म.

मॅक्रो ब्लॉक झालाय, राजरत्न म्हणाला. मॅक्रो म्हणजे सीतारामने आत लिहून ठेवलेला हुकूम, बटण दाबल्यावर काय करायचं तो. नवं व्हर्जन असल्या जुन्या हुकमांना दारातच अडवतं.

"मग घे की आत. तूच अडवलंयस," बाई म्हणाल्या.

भर दुपार होती. समोरची चाळ पाडणारं मशीन धडधडत होतं, कीबोर्डवर सिमेंटची धूळ बसत होती. राजरत्नने मॅक्रो उघडला आणि नुसता बघत राहिला. मग विचारलं, चिठ्ठ्यांवरच्या सूचना रोज टाईप कोण करतं?

कोण करणार? मशीनच. बाबुरावांना ताप भरला की त्यांच्या चिठ्ठीवर ‘पेज’ येई. कॉन्स्टेबल दीपिकाला दिवस गेले, तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, तेव्हा तिच्या चिठ्ठीवर ‘पपई नको’ आलं होतं. बाईंना त्यात नवल वाटलं नव्हतं. कॉम्प्युटरला सगळं कळतं, असं जो तो म्हणतो.

राजरत्नचा चेहरा उतरला.

"आई, यात फक्त प्रिंट काढायचा हुकूम आहे. सूचनेचा रकाना पहिल्यापासून रिकामा आहे."

त्याने घाईघाईने जुना मॅक्रो पुसला, स्वतःचा लिहिला आणि बटण दाबलं.

चिठ्ठ्या निघाल्या. नाव, पत्ता. सूचना कोरी. सगळ्यांचीच.

"झालं," तो म्हणाला.

प्रिंटर थांबला. मग त्याने आणखी एक कागद ओढला.

नावाची जागा कोरी.

बाईंनी चिठ्ठी चष्म्याशी धरली, अक्षर अक्षर लावलं.

‘आई, हा आत येऊ देत नाही.’

राजरत्नने वाकून वाचलं आणि खुर्चीसकट मागे सरकला.

बाकीच्या चिठ्ठ्या अजून ऊन होत्या. ही गार होती.

बाईंनी तिची घडी केली, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि धाकट्याकडे पाहिलं.

"जिता होता तेव्हा बोलला नाहीस. आता मेल्यावरही बाहेरच ठेवलास. भाऊ कसला रे तू, कुलूप आहेस."