मधलं स्टेशन

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती आमची सख्खी आत्या. तिला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही.

आणि रात्रही नव्हती. मंगळवार, दुपारचे साडेचार. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. "जन्मभर लोकांच्या लाइनी जोडल्या, माझी तेवढी राहिली," असं ती स्वतःच हसत सांगायची. छंद एकच, हॅम रेडिओ, हौशी लोकांची बिनतारी यंत्रणा. त्यातही पॅकेट. म्हणजे बोलायचं नाही, कीबोर्डवर टाइप करायचं, आणि अक्षरं रेडिओवरून समोरच्याच्या स्क्रीनवर उमटतात. एकाच मशीनवर चार-पाच जणांशी जोडणी ठेवता येते; प्रत्येकाची ओळख म्हणजे त्याला मिळालेलं कॉलसाइन. फक्त टाइप करण्याआधी चॅनल बदलायचा. विसरलात, की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या पदरात!

हा नाद तिला धाकट्या भावाने लावला. म्हणजे आमच्या बाबांनी.

बावीस वर्षांपूर्वी याच रेडिओवर तिची एका दीपगृहाच्या रखवालदाराशी ओळख झाली. बाबा त्याला 'दिवेवाला' म्हणून तिला चिडवायचे. मध्ये डोंगर, त्यामुळे तिचा सिग्नल त्याच्यापर्यंत थेट पोचत नसे. बाबांचं घर चढावर, म्हणून त्यांचं स्टेशन मधलं. ते एका चॅनलवर ताईला धरायचे, दुसऱ्यावर दिवेवाल्याला, आणि इकडचं तिकडे पाठवायचे.

एक दिवस दिवेवाल्याने लग्नाचं विचारलं. आत्याने "हो" टाइप केलं.

त्यानंतर तो रेडिओवर कधीच आला नाही.

तिने चार महिने वाट पाहिली. मग अंथरुणाला खिळलेल्या आजीचं करण्यात वर्षं गेली. त्या सगळ्यात आधार एकच... भाऊ. रोज साडेचारला तो जोडणी करायचा. "ताई, जेवलीस का?"

त्या मंगळवारी बाबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. त्यांची एरियल आम्ही उतरवली होती. सेट खोक्यात घालून खाटेखाली सरकवला होता.

साडेचारला आत्याच्या मशीनचा दिवा लागला.

स्क्रीनवर जोडणी झाल्याची ओळ आली. आणि तिच्यापुढे... बाबांचं कॉलसाइन.

आत्याला वाटलं, आम्ही पोरांनी सेट बाहेर काढला. तिने रागाने टाइप केलं, "कोण आहे रे? ही काय चेष्टा करायची गोष्ट आहे?"

मग एकेक अक्षर...

"ताई, जेवलीस का?"

ती काही लिहिणार, तोच पुढची ओळ आली.

"तिचा नकार आहे. तुम्ही पुन्हा विचारू नका. तिला त्रास होतो."

आत्याने ते तीनदा वाचलं. 'तुम्ही'? भाऊ तिला कधी तुम्ही म्हणाला नव्हता.

खाली आणखी एक ओळ...

"नाही हो. माझी बहीण आहे ती, मी ओळखतो तिला. तुम्ही दुसरी बघा."

चॅनल बदलायचा राहिला होता. हे बोलणं तिच्यासाठी नव्हतंच. बावीस वर्षांपूर्वी तिचा "हो" ज्याच्या हाती पडला, त्यानेच तो दाबून टाकला होता. ज्याच्यापाशी ती रडली, त्यानेच केसाने गळा कापला होता.

भीती कुठल्या कुठे पळाली. दातओठ खात तिने विचारलं, "का केलंस?"

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"आईचं कोण बघणार होतं, ताई?"

बस. माफी नाही, काही नाही.

तिने आम्हाला फोन लावला. आम्ही खाटेखालचं खोकं ओढलं. चिकटपट्टी जशीच्या तशी.

"आत्या, सेट इथेच आहे..."

"थांब," ती म्हणाली. "आणखी एक जोडणी आली."

दुसऱ्या चॅनलवर दिवेवाल्याचं कॉलसाइन. बाबांच्या स्टेशनमार्गे.

"तुम्ही खरंच नाही म्हणाला होतात?"

तिने ते मोठ्याने वाचलं. मग फोनमध्ये सावकाश दाबलेल्या कळांचा आवाज.

"मी हो म्हणाले होते."

संदेश मिळाल्याची पोच स्क्रीनवर आली. लगेच दोन्ही जोडण्या तुटल्या.

पोच कुणाची, ते आत्याने नीट पाहिलं. ती दीपगृहाची नव्हती. बाबांच्या स्टेशनची होती.

वर्ष होत आलं. दोघांपैकी कुणीच परत आलं नाही. परवा आत्याने मला विचारलं, "या वेळी तरी त्याने पुढे पाठवलं असेल का रे?"

मी काय सांगणार? ते माझे बाबा होते.

"पाठवलं असेल, आत्या. नक्की पाठवलं असेल."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अगदी त्याच्यासारखं बोलतोस," म्हणाली.

त्यानंतर तिच्याकडे जायचं माझं धाडस झालेलं नाही.